डाव्या हाताची पुरी

आमच्याकडे कुतैसीत पावाला पुरी म्हणतात.
लांबट, दोन्ही टोकांना निमुळती,
होडीसारखी एका अंगाला वाकलेली.
नुगझार ती जमिनीतल्या भट्टीत
कमरेपर्यंत ओणवा होऊन
आतल्या भिंतीला थापायचा.
एकतीस वर्षं. रोज पहाटे साडेचारला.
भुवया त्याला कधी धड उगवल्याच नाहीत.

त्या दिवशी चार पुऱ्या निखाऱ्यांत पडल्या.
करपल्याचा वास खिडकीपर्यंत आला
आणि सुट्टे मोजता मोजता मी ओरडले,
डोळे फुटले का तुझे?
तो काठावर बसला होता.
पिठाचा उजवा हात मांडीवर,
दुसऱ्या कुणीतरी विसरून गेल्यासारखा.
तोंड एकाच बाजूने हसत होतं.
मला वाटलं, रात्रीची उतरली नाही अजून.
मी आणखी बोलले. बरंच बोलले.
वीस मिनिटं.
नेमकं कधी सुरू झालं, असं डॉक्टरांनी विचारलं
तेव्हा त्यातली दहा मी चोरली.

बाराव्या दिवशी तो बोलला.
पुरी.
पाणी हवं तर पुरी. लघवीला पुरी.
म्झेविनार, आमची लेक, रात्रभर प्रवास करून आली,
तिच्या गालाला हात लावून, पुरी.
ती जिन्यात जाऊन रडली.
पेनाच्या टोपणाएवढी जागा गेली, म्हणाले,
मेंदूच्या डाव्या बाजूची.
एवढ्याशा जागेत
माझं नाव होतं, नदीचं होतं,
सगळे वार होते, उधारीवाल्यांची यादी होती.
शिव्या तेवढ्या वेगळ्या कोनाड्यात असाव्यात.
बूट चढवताना एक अख्खी बाहेर पडली, व्याकरणासकट,
आणि लॉटरी लागल्यासारखे आम्ही हसलो.

इंगा नावाची पोरगी चित्रांचे पत्ते घेऊन यायची.
मांजर. कात्री. छत्री.
तो छत्रीकडे बघत राहायचा,
तळघरात उतरल्यावर
शिडी कुणी काढून नेलेल्या माणसासारखा.
पुरी, म्हणायचा.
पुरे आता, मी म्हणायची.
अजून एकदा, म्हणायची इंगा.

हळूहळू मला ऐकू येऊ लागलं.
शेवट वर नेला तर प्रश्न.
दाबून म्हटलं तर खिडकी लाव.
दोनदा भराभर, म्हणजे पाय.
रात्री भिंतीकडे तोंड करून
अगदी हलक्याने म्हणायचा, ती कुठली पुरी
ते मी अजून विचारलेलं नाही.

पीठ मी मळायची,
थापायला शेजारचा ओतिया.
त्याला डावं-उजवं कळत नाही,
पण दोन्ही हात चालतात.

मार्चमध्ये नुगझार काठी टेकत भट्टीशी आला.
लोंबता हात त्याने रुमालात बांधून घेतला.
मी त्याचा पट्टा दोन्ही मुठींत धरला,
पाय भिंतीला रोवले,
आणि ऐंशी किलोंचा नवरा
विस्तवावर उलटा सोडला.
पहिली पडली. दुसरी पडली.
मग मोजायचं सोडून दिलं.
एक चिकटली.
बाहेर काढली तर उलट्या अंगाला वाकलेली,
आरशातली पुरी.
आता काही गिऱ्हाइकं तीच मागतात.
दोन पैसे जास्त देत नाहीत, पण मागतात.

मीठ डॉक्टरांनी त्याचं तोडलं होतं.
मी पिठातच निम्मं केलं, सगळ्या गल्लीचं.
आठ महिने कुणी चकार शब्द काढला नाही.
दुखणं बघून लोक बेचवही गिळतात.

परवा त्याने तुकडा मोडला, चावला,
तोंडाची आळशी बाजू बाहीने पुसली.
कपाळाला आठ्या.
एकेक पायरी थांबत
जड पोतं वर चढवावं तसं काहीतरी
त्याच्या गळ्यात चढत होतं.
मला वाटलं, आता त्सियाला म्हणेल.

मीठ, म्हणाला.

मी चाखून पाहिली.
खरंच कमी होतं.